सनदेपासून सीईटीपर्यंत : महाराष्ट्रातील वकिलीच्या प्रवेशपरीक्षांचा इतिहास

वकिली कोणी करावी हे ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेने आपल्या हाती घेतला, तेव्हापासून महाराष्ट्रात या व्यवसायाच्या प्रवेशपरीक्षांचा इतिहास सुरू होतो. जवळजवळ दोन शतकांच्या या काळात परीक्षा घेणाऱ्या संस्था अनेकदा बदलल्या, परीक्षेचे विषय बदलले, आणि परीक्षार्थीही बदलला : कचेरीत काही वर्षे नोकरी करून मग वकिलीकडे वळणाऱ्या गृहस्थाच्या जागी बारावीचा विद्यार्थी आला. दोन गोष्टी मात्र प्रत्येक टप्प्यावर टिकून राहिलेल्या दिसतात. परीक्षेची खरी तयारी अधिकृत विद्यालयाच्या बाहेर, खासगी वर्गांतून होत राहिली. आणि ही तयारी कोणाच्या आवाक्यात येईल हे इंग्रजी भाषा व पैसा यांवर ठरत राहिले. महाराष्ट्रातील वकील-वर्गाची घडण समजून घ्यायची असेल, तर न्यायालयांच्या इतिहासाइतकाच या परीक्षांचा इतिहासही पाहावा लागतो.

सनदी वकिलाचा उदय

पेशवाईत तंट्याचा निवाडा गोतसभा, पंचायत किंवा सरकारी न्यायाधीश यांच्यापुढे होई आणि वादी-प्रतिवादी आपली बाजू स्वतः किंवा आपल्या माणसांकरवी मांडत. न्यायासनापुढे इतरांची बाजू मांडून त्यावर उपजीविका करणारा, राज्याने मान्यता दिलेला असा स्वतंत्र वर्ग तेव्हा नव्हता. १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले आणि मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी एकत्रित विनियम जारी झाले. ‘एल्फिन्स्टन संहिता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विनियमांत दिवाणी न्यायालयांची रचना ठरवताना तेथे काम करणाऱ्या वकिलांविषयीही नियम घालून दिले गेले. न्यायालयाने दिलेला लेखी परवाना, म्हणजे सनद, हातात असल्याखेरीज कोणालाही दुसऱ्याचे वकीलपत्र घेता येणार नाही, हे तत्त्व येथून रुजले. १८४६ च्या कायद्याने, ज्याला आवश्यक ते प्रमाणपत्र मिळेल अशा कोणत्याही देशाच्या वा धर्माच्या व्यक्तीला वकील होण्याची मुभा मिळाली आणि फीविषयी वकील व पक्षकार यांना आपसात करार करता येऊ लागला.

मुंबई शहराची व्यवस्था मात्र निराळी होती. तेथे १८२४ पासून राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट होते आणि त्याच्यापुढे उभे राहण्याचा हक्क विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टरांनाच होता. त्यामुळे एकाच इलाख्यात दोन प्रकारचे वकील तयार झाले : मोफसलात, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या जिल्ह्यांत, मराठी, गुजराती किंवा कानडीतून काम चालवणारे देशी सनदी वकील, आणि मुंबईत इंग्रजीतून युक्तिवाद करणारे गोरे बॅरिस्टर. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा सुप्रीम कोर्ट आणि कंपनी सरकारची सदर अदालत या दोन्ही त्यात विलीन झाल्या, तरी ही विभागणी न्यायालयाच्या पोटात शिल्लक राहिली. शहरातील मोठे दावे जेथे प्रथम दाखल होत ती ‘मूळ शाखा’ बॅरिस्टर व ॲडव्होकेट यांच्याकडे राहिली. जिल्ह्यांतून येणारी अपिले जेथे चालत त्या ‘अपील शाखे’त वकिलांना प्रवेश मिळाला. मूळ शाखेत पक्षकाराला थेट बॅरिस्टराकडे जाता येत नसे. मधे अटर्नी किंवा सॉलिसिटर असावा लागे, आणि कागदपत्रांची सारी तयारी तो करी.

कायदा परीक्षेचा विषय कसा झाला

याच सुमारास घडलेल्या आणखी एका बदलाने परीक्षांना निश्चित आकार दिला. तोवर न्यायालयात लागू होणारा कायदा धर्मशास्त्रग्रंथ, शरियत, स्थानिक रूढी, कंपनीचे विनियम आणि न्यायाधीशाची न्यायबुद्धी यांत विखुरलेला होता; त्याचा अभ्यास करणे म्हणजे अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम करणे. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता, १८६० मध्ये भारतीय दंड संहिता, १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता, १८७२ मध्ये पुराव्याचा व कराराचा कायदा आणि १८८२ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा असे अधिनियम एकामागोमाग झाले. कायदा कलमवार, क्रमांकवार छापील पुस्तकात आला आणि म्हणूनच तो पाठ करता, शिकवता आणि प्रश्नपत्रिकेत विचारता येऊ लागला. पुढच्या काळातील वकिलीच्या परीक्षा, त्यांची मार्गदर्शक पुस्तके आणि त्यांचे खासगी वर्ग हे सर्व या संहिताकरणावर उभे आहेत.

परीक्षांची उतरंडही या काळात पक्की झाली. जिल्हा न्यायालयात काम करू इच्छिणाऱ्यासाठी जिल्हा वकिलाची, म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट प्लीडर’ची परीक्षा होती, उच्च न्यायालयाच्या अपील शाखेसाठी ‘हायकोर्ट प्लीडर’ची परीक्षा होती, आणि बॅरिस्टर नसतानाही मूळ शाखेत उभे राहण्याची आकांक्षा असणाऱ्यासाठी त्याहून कठीण अशी ‘ॲडव्होकेट’ची परीक्षा होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये एलएल. बी. झाले आणि १८७१ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७२ मध्ये तीच परीक्षा दिली आणि १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसालाही या व्यवस्थेत वाव होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. सार्वजनिक काका या नावाने ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी हे सरकारी कचेरीत नोकरी करून मग वकिलीची परीक्षा देऊन पुण्यात वकील झाले. १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. सनद मिळालेला माणूस सरकारचा नोकर नसे आणि त्याला कायद्याची भाषा येत असे. म्हणून सभा, अर्ज, शिष्टमंडळे आणि पुढे काँग्रेस यांचे काम गावोगावी वकिलांच्या हाती आले.

सर अर्स्किन पेरी यांच्या नावाचे अध्यासन

कायद्याच्या शिक्षणाची औपचारिक सुरुवात १८५५ मध्ये झाली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे १८५२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या गौरवार्थ नागरिकांनी निधी जमवला आणि त्यातून न्यायशास्त्राचे ‘पेरी अध्यासन’ निर्माण झाले. त्याभोवती एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग सुरू झाले. तेच गव्हर्नमेंट लॉ स्कूल, म्हणजे आजचे चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि काही वर्षांत हे विद्यालय त्याला जोडले गेले.

या विद्यालयाचे स्वरूप दीर्घकाळ अर्धवेळ राहिले. उच्च न्यायालयात वकिली करणारे नामांकित कायदेपंडित कामकाजाच्या आधी किंवा नंतर व्याख्याने देत आणि विद्यार्थीही बहुधा दिवसा नोकरी, शिकवणी किंवा दुसरा अभ्यास करणारे असत. दिनशा फर्दुनजी मुल्ला यांच्यासारखे ग्रंथकार येथे शिकवून गेले, ज्यांची दिवाणी प्रक्रिया संहितेवरील आणि मुस्लिम कायद्यावरील पुस्तके आजही वकिलांच्या टेबलावर असतात. तरीही ठरलेली हजेरी भरली की परीक्षेला बसता येते अशी ही रचना असल्यामुळे, प्रत्यक्ष परीक्षेची तयारी विद्यार्थ्याने स्वतः किंवा बाहेरच्या मदतीने करावी, असेच गृहीत धरले जाई. याच पोकळीत खासगी वर्ग जन्माला आला.

पुण्याचा लॉ क्लास

बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये एलएल. बी. झाले, पण त्यांनी वकिली केली नाही. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’ व ‘मराठा’ आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी या कामांत दहा वर्षे गेल्यानंतर सोसायटीतील मतभेदांमुळे १८९० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्रे तेव्हा पोट भरण्याइतकी चालत नव्हती, उलट त्यांच्यावर कर्ज होते. या काळात उपजीविकेसाठी त्यांनी पुण्यात चालवलेला लॉ क्लास हायकोर्ट प्लीडर व डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांच्या उमेदवारांसाठी होता, आणि मुंबई इलाख्यातील या प्रकारचा पहिला वर्ग असा त्याचा उल्लेख चरित्रकारांनी केला आहे.

या वर्गाचे महत्त्व त्याच्या चालकाच्या नावापुरते नाही. विद्यापीठाच्या पदवीला मुंबईला जाणे भाग होते. तेथे राहण्याचा खर्च रत्नागिरी, सातारा, नगर किंवा सोलापूरकडच्या साधारण ऐपतीच्या कुटुंबाला झेपणारा नव्हता. पुण्यात राहून, पदवी नसतानाही, परीक्षेसाठी नेमलेले कायदे जाणकार माणसाकडून समजून घेण्याची सोय या वर्गाने केली आणि जिल्ह्याच्या गावी परतून वकिली करणारी एक पिढी तयार होण्यास हातभार लावला. टिळकांना मदत करण्यासाठी १८९६ मध्ये साताऱ्याहून पुण्यात आलेले नरसिंह चिंतामण केळकर हे स्वतः एलएल. बी. होते, लॉ क्लास आणि वृत्तपत्र या दोन्ही कामांसाठी त्यांना बोलावले होते, आणि पुढे ते ‘केसरी’चे संपादक झाले. राजकारणाच्या वाढत्या व्यापात वर्ग मागे पडला, पण कायद्यावरची टिळकांची पकड सुटली नाही : १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी आपल्या बचावाचे भाषण स्वतःच केले, आणि ते अनेक दिवस चालले.

लंडनची जेवणे

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी दुसरी वाट होती. लंडनच्या लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चार ‘इन्स ऑफ कोर्ट’, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्था. त्यांपैकी एकीत नाव नोंदवून बारा ‘टर्म’ भरायच्या आणि परीक्षा द्यायच्या, की माणूस बॅरिस्टर होई. टर्म भरणे म्हणजे त्या सत्रात संस्थेच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येइतकी जेवणे घेणे. वर्षाला चार टर्म असल्यामुळे बारा टर्मना साधारण तीन वर्षे लागत. मोहनदास गांधी इनर टेंपलचे सदस्य होते आणि १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर झाले. टर्ममधील सुमारे चोवीस जेवणांपैकी सहा घ्यावी लागत, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. शाकाहारी विद्यार्थ्यालाही या जेवणांना हजर राहावे लागे, कारण वडीलधाऱ्या बॅरिस्टरांच्या सहवासात व्यवसायाची रीतभात अंगी बाणते, अशी त्यामागची कल्पना होती.

मुंबईत बद्रुद्दीन तैयबजी १८६७ मध्ये आणि फिरोजशहा मेहता १८६८ मध्ये या वाटेने बॅरिस्टर झाले. विलायतेची परीक्षा एलएल. बी. किंवा ॲडव्होकेटच्या परीक्षेपेक्षा सोपी समजली जाई, पण ती देण्यासाठी समुद्रापार जाण्याचा आणि तीन वर्षे तेथे राहण्याचा खर्च करावा लागे. शिवाय हिंदू कुटुंबांना जातीतून वाळीत पडण्याची धास्ती असे. म्हणजे जी परीक्षा बुद्धीच्या दृष्टीने कमी कठीण होती, तीच उच्च न्यायालयाच्या सर्वांत किफायतशीर शाखेत थेट प्रवेश देत होती, आणि हा प्रवेश पैशावर अवलंबून होता. विनायक दामोदर सावरकर यांनी ग्रेज इनच्या परीक्षा पूर्ण केल्या, तरी त्यांच्या राजकीय मतांमुळे संस्थेने त्यांना बॅरिस्टरची पदवी दिली नाही. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि व्यवसायात प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

दाराबाहेर ठेवलेले

परीक्षा सर्वांना खुली आहे असे नियम सांगत असताना स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेल्या जाती प्रत्यक्षात बाहेर होत्या. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. परत आल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली, तरी स्त्री असल्यामुळे त्यांना सनद मिळाली नाही. त्यानंतर कलकत्त्यात रेजिना गुहा आणि पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचे अर्जही न्यायालयांनी फेटाळले. अखेर १९२३ च्या विधी व्यवसायी (स्त्रिया) अधिनियमाने केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून सनद नाकारता येणार नाही असे ठरवले, आणि मिठन टाटा, ज्या पुढे मिठन लाम म्हणून प्रसिद्ध झाल्या, मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री बॅरिस्टर ठरल्या.

जातीच्या बाबतीत कायद्याची बंदी नव्हती, पण शाळेपासूनच वाट अडलेली होती. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९२० च्या सुमारास आपल्या संस्थानात अस्पृश्य समाजातील शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. पिढ्यान् पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवलेल्या माणसाला आधी परीक्षा आणि मग संधी असे म्हणणे म्हणजे संधी नाकारणेच होय, ही जाणीव या निर्णयामागे होती. त्याच काळात डॉ. भीमराव आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. प्रतिष्ठित सॉलिसिटरांकडून कामे मिळणे सोपे नव्हते. पहिल्या वर्षांत गरिबांचे खटले आणि बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन यांवर त्यांना विसंबावे लागले.

१९३५ मध्ये तेच आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३६ च्या आरंभी महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर एक विस्तृत इंग्रजी लेख लिहिला. कलमे तोंडपाठ करून उत्तीर्ण होणारा पदवीधर म्हणजे वकील नव्हे, आणि वकिलाला भाषेवरील प्रभुत्व व कायद्याला पूरक अशा इतर विद्यांचे ज्ञान हवे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. अर्धशतकानंतर पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाच्या बाजूने जे युक्तिवाद झाले, त्यांची बीजे या लेखात आढळतात.

पदवी पुरेशी झाली तेव्हा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात कायद्याची महाविद्यालये मुंबईबाहेर पसरली. न्यायमूर्ती सर लल्लुभाई शहा आणि ज. र. घारपुरे यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय सुरू झाले. घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य होते आणि टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिलेले ते महाविद्यालय आजही पुण्याची ओळख आहे. नागपूर व कोल्हापूर येथेही पाठोपाठ महाविद्यालये निघाली. १९२० च्या मुंबई प्लीडर्स कायद्याने आणि १९२६ च्या भारतीय बार कौन्सिल कायद्याने वकिलांच्या श्रेणींत सुसूत्रता आणली. तथापि मुंबईची मूळ शाखा आपले वेगळेपण राखून राहिली.

स्वातंत्र्यानंतर हे वेगळेपण संपवण्याचा निश्चय झाला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर हे भेद मिटवून ‘ॲडव्होकेट’ असा एकच वर्ग निर्माण केला, भारतीय बार कौन्सिल स्थापन केली आणि सनद देण्याचे काम राज्यांच्या बार कौन्सिलांकडे सोपवले. सॉलिसिटरशिवाय मूळ शाखेत काम चालू न देणारी दुहेरी पद्धती १९७७ पासून बंद झाली. याच कायद्यात आरंभी पदवीनंतरचे प्रशिक्षण व परीक्षा यांची तरतूद होती, ती १९७३ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. सनदेपूर्वीची व्यावसायिक परीक्षा गेली आणि एलएल. बी. ची पदवी हीच सनदेची पुरेशी पात्रता ठरली.

परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या वर्गांना बसून कारकून, शिक्षक, बँकेतील कर्मचारी ‘एलएल. बी. करून ठेवू’ लागले आणि त्यांतील अनेक जण तालुक्याच्या कोर्टात चांगले वकील म्हणून नावारूपाला आले. पहिल्या पिढीच्या वकिलासाठी ही मोठी सोय होती. दुसरीकडे दर्जाची घसरण उघड दिसत होती. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच अर्धवेळ वर्ग, अपुरे अध्यापक आणि पाठांतरावर चालणाऱ्या परीक्षा यांवर कठोर टीका केली होती. ती टीका दुर्लक्षित राहिल्यामुळे पुढील सुधारणा विद्यापीठांच्या बाहेरून, नव्या प्रकारच्या संस्थेतून आली.

बारावीनंतरची परीक्षा

१९८६ च्या कर्नाटकच्या कायद्याने बंगळूर येथे नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि १९८८ मध्ये एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी दाखल झाली. बारावीनंतर पाच वर्षांचा पूर्णवेळ, निवासी अभ्यासक्रम, कायद्याबरोबर समाजशास्त्रे, आणि प्रत्यक्ष निकालपत्रांवर चर्चा करत शिकवण्याची पद्धत ही तिची वैशिष्ट्ये होती. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या अशा पदवीधरांना भरपूर पगार देऊ लागल्या, आणि इतर राज्यांनीही बंगळूरच्या धर्तीवर विद्यापीठे काढली. प्रत्येक विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा वेगळी असल्यामुळे विद्यार्थ्यांना देशभर हिंडावे लागे, अनेकदा तारखाही एकमेकींवर येत. २००६ मध्ये वरुण भगत यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या पाठोपाठ मे २००८ मध्ये सात विद्यापीठांची पहिली सामायिक परीक्षा, म्हणजे ‘क्लॅट’, झाली.

क्लॅटमध्ये इंग्रजी, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्क, गणित आणि कायदेविषयक तर्क असे विभाग असतात. शेवटच्या विभागाचा नमुना असा सांगता येईल. आधी एक नियम दिला जातो : मौन म्हणजे प्रस्तावाची स्वीकृती नव्हे. मग प्रसंग येतो : एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला पत्र लिहिले की, तुमचे मळणी यंत्र मी पन्नास हजारांना घेतो आणि आठ दिवसांत तुमचे उत्तर आले नाही तर सौदा झाला असे समजतो, शेजाऱ्याने उत्तर दिले नाही आणि यंत्र तिसऱ्याला विकले. करारभंग झाला काय, हा प्रश्न. विद्यार्थ्याला करार कायदा आधी माहीत असण्याची गरज नाही. दिलेला नियम आपली न्याय-अन्यायाची कल्पना बाजूला ठेवून दिलेल्या वस्तुस्थितीला लावता येतो की नाही, एवढेच तपासले जाते. २०२० पासून असे सुटे प्रश्न जाऊन लांब उताऱ्यांवरील प्रश्न आले. आज दोन तासांत १२० प्रश्न सोडवावे लागतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यामुळे तर्काइतकीच इंग्रजी वाचनाच्या वेगाचीही परीक्षा होते.

परीक्षेच्या कारभारातील उणिवांनी न्यायालयांनाही गुंतवून ठेवले. विद्यापीठे आळीपाळीने परीक्षा घेत असताना चुका होत गेल्या, म्हणून २०१७ मध्ये विद्यापीठांचा कायम स्वरूपाचा संघ स्थापन झाला. २०२० मध्ये महासाथीच्या काळात बंगळूरच्या विद्यापीठाने घेतलेली स्वतंत्र परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. बौद्धिक संपदा कायद्याचे अभ्यासक शामनाद बशीर यांनी क्लॅटमधील दोषांविरुद्ध जनहित याचिका केली. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी वंचित गटांतील मुलांना या परीक्षेसाठी विनामूल्य तयार करणारा ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला होता.

महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांची तरतूद झाली आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे ती सुरू झाली. त्यांचे प्रवेश क्लॅटद्वारे होतात. इतर महाविद्यालयांतील तीन व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी २०१६ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी लागू झाली, म्हणजे एलएल. बी. सहज ‘करून ठेवण्याची’ वाट अरुंद झाली. दुसऱ्या टोकाला, १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार कौन्सिलचे सक्तीच्या प्रशिक्षणाचे नियम अवैध ठरवल्यानंतर, मार्च २०११ मध्ये पदवीधरांसाठी अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. मे २०२५ मध्ये कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. आजच्या विद्यार्थ्याला अशा रीतीने प्रवेशाला, सनदेला आणि न्यायासनाला स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक परीक्षेभोवती क्लास, नमुना प्रश्नपत्रिका आणि सराव चाचण्या यांचा बाजार उभा आहे.

भाषेचा अनुत्तरित प्रश्न

या परीक्षांच्या माध्यमाकडे पाहिले तर एक विसंगती लक्षात येते. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली; राज्याच्या सीईटीची प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते आणि बार परीक्षाही मराठीतून देता येते. क्लॅट मात्र केवळ इंग्रजीत आहे, आणि ती भारतीय भाषांतून व्हावी यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका करावी लागली. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते आणि विद्यापीठांतील अध्यापनही इंग्रजीतच होते, म्हणून प्रवेशालाही इंग्रजी हवे, असे या धोरणाचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. पण वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षण इंग्रजीतून होत असूनही ‘नीट’ आणि ‘जेईई मेन’ या परीक्षा मराठीतून देता येतात. नियम आणि वस्तुस्थिती यांची सांगड घालण्याची बुद्धी मराठीतूनही तितकीच तपासता येते, आणि पुढील पाच वर्षांत इंग्रजी शिकवणे हे विद्यापीठाचे काम आहे.

दोन शतकांचा हा इतिहास एका निष्कर्षाकडे नेतो. परीक्षा कठीण केल्याने व्यवसायाचा दर्जा वाढतो हे अंशतः खरे आहे, पण परीक्षेची तयारी ज्यांच्या आवाक्यात असते तेच आत येतात हे पूर्णपणे खरे आहे. आणि ज्या काळात ही तयारी स्वस्त, जवळ व समजणाऱ्या भाषेत उपलब्ध झाली, त्या काळात महाराष्ट्राला समाजाच्या अधिक थरांतून वकील मिळाले. म्हणून क्लॅट मराठीसह भारतीय भाषांतून घेतली जावी, आणि तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी जिल्हा ग्रंथालये व शासकीय कनिष्ठ महाविद्यालये यांच्या साहाय्याने तिच्या विनामूल्य तयारीचे वर्ग प्रत्येक जिल्ह्यात चालवावेत, ही मागणी राज्य शासनाने, बार कौन्सिलने आणि वकील-संघांनी आता एकत्रितपणे लावून धरली पाहिजे.